सतरा पावलं

सकाळचे सव्वासात. शेणोली स्टेशन मागे टाकून कराड-तासगाव रस्ता थोडा पुढे सरकला की सातारा जिल्हा संपतो आणि सांगली सुरू होतो. डोळ्यांना तसं काही दिसत नाही. अलीकडे ऊस, पलीकडे ऊस. डिसेंबरातलं धुकं दोन्ही जिल्ह्यांवर सारखंच पसरलंय, मच्छिंद्रगडाचा माथा तेवढा त्यातून वर निघालाय. रस्त्याच्या कडेनं लांबच लांब चर गेलाय आणि चरात एक मामा उकिडवे बसलेत. डाव्या हातात साताऱ्याकडून आलेल्या नारिंगी पाईपचं टोक, उजव्या हातात सांगलीकडच्या पाईपचं. दोन्ही टोकांमधे हातभर अंतर.

"पाव्हणं, कडंला उभं राहू नगासा. माती ढासळंल," मामा वर न बघता म्हणतात.

मी दोन पावलं मागे सरतो. चर ज्या बांधाला घासून गेलाय ते रान माझ्या मावसभावाचं. काल संध्याकाळी जेसीबीच्या दातानं त्याची पाण्याची पाईपलाईन फोडली, म्हणून तो तणतणत निघाला आणि मी सोबतीला आलो. भांडण चहा यायच्या आधीच मिटलं. पीव्हीसीचा तुकडा, सोल्युशनची डबी आणि जोडणारा माणूस अशी तिन्ही तयारी मुकादमानं गाडीतच ठेवली होती. या भागात चर खणायचा म्हणजे दर दोन बांधांमागे एक पाईप फुटणारच, हे तो धरूनच चाललेला. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचा हा मुलूख. जमिनीखाली पाण्याच्या नळ्या मुळांसारख्या पसरलेल्या आहेत. भाऊ समाधानानं घरी गेला. मी मात्र चरात डोकावत राहिलो, तेव्हा मामा म्हणाले, "जोड बगायचा आसंल तर उद्या सकाळी या. आत्ता न्हाय जोडत."

"का?"

"उनात तापलाय त्यो."

म्हणून आज तोंड धुऊन तडक इथे आलोय.

पाईप हाताला गार आणि ताठ लागतो. कामावरची सगळी माणसं याला डक्ट म्हणतात. बाहेरून ४० मिलिमीटर, आतून ३३. आतल्या अंगाला कारखान्यातच एक निसरडा थर दिलेला असतो. बोट घातलं की साबणाच्या वडीवरून फिरल्यासारखं वाटतं. यातून पाणी जायचं नाही. आत्ता हा नुसता पोकळ पाईप आहे. नंतर कधीतरी यातून बोटाएवढी काळी केबल जाईल, आणि केबलच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू. पाईपवर दर मीटरला आकडा छापलेला आहे. मामांच्या डाव्या हातातला पाईप ९९८ वर संपतो, उजव्या हातातला २ वर सुरू होतो. एक वेटोळं एक किलोमीटरचं. पलीकडे ट्रॉलीत उभं ठेवलेलं न उलगडलेलं वेटोळं माझ्या डोक्याच्या वर जातंय.

कामाचा मालक कोण, हे मी विचारत नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींना काचेच्या तारेनं जोडायची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं चाललं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार कोटींच्या वरची रक्कम मंजूर केली. त्याशिवाय मोबाईल कंपन्यांचे चर वेगळे, रेल्वेच्या रुळांकडेच्या केबली वेगळ्या. चरात बसलेल्या माणसाला या सगळ्यात पाईपचा रंग तेवढा बदललेला दिसतो. खोली मात्र मोजून घेतात: १.६५ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट. वरचे तीन फूट काळी माती, तिला जेसीबी लोण्यासारखा कापतो. मग पिवळा मुरूम. मग कुठे कुठे काळा दगड, आणि तिथे विजापूरकडून आलेली जोडपी पहार घेऊन उतरतात. एक बाई आत्ता चराच्या पुढच्या वळणावर तळ साफ करतेय. तिचा फक्त डोक्याचा पदर आणि वर येणारं घमेलं दिसतं.

"आता बगा," मामा म्हणतात.

पहिलं काम कापायचं. दोन्ही टोकं वेटोळ्यातून आलेली, किंचित वाकडी, प्रवासात चिंबलेली. मामांकडे पोपटाच्या चोचीसारखा एक कटर आहे. पाईप त्यात धरून ते डोळा बारीक करतात, एकदा सोडतात, परत धरतात. करवतीनं का नाही कापत, असं मी विचारतो. शेजारी बसलेला आयटीआय झालेला पोरगा हसतो. मामा नाही हसत. "करवतीनं भुसा पडतोय. भुसा आत गेला की वंगाळ. आन् करवत सरळ जात न्हाय. काटकोनात पायजे. तिरकं कापलं तर टोकाला टोक भिडतंय कुटं?"

कच्. एक पातळ नारिंगी कडी चरात पडते. पोरगा ती उचलून करंगळीत घालतो.

दुसरं काम तासायचं. कापलेल्या टोकाची बाहेरची धार एका लहान हत्यारानं फिरवून फिरवून उतरवतात, शिसपेन्सिलीला टोक करावं तशी. मग बोट आतून फिरवून बघतात, काही खरखरतंय का. मग फडकं. फडक्यासाठी मामांची स्वतंत्र पिशवी आहे, तोंड बांधलेली, आणि तिला हात लावायचा हक्क पोरग्याला अजून मिळालेला दिसत नाही. पाईप बाहेरून वीतभर पुसला जातो, आतून बोटभर.

मग जोड. त्याला कपलर म्हणतात: मुठीत मावेल असा प्लॅस्टिकचा जाड डमरू, दोन्ही तोंडांना आट्यांच्या टोप्या. मामा एक टोपी उलगडून तळहातावर सगळा संसार मांडतात. रबराची कडी, ती हवा अडवते. दात्यांची कडी, ती पाईपला चावते. आत जाऊ देते, मागे येऊ देत नाही. आणि टोपी, ती दोघींना दाबून धरते. "टोपी आदी पायपात घालायची," ते म्हणतात आणि पोरग्याकडे बघतात. पोरगा मान खाली घालतो. टोपी घालायची विसरून पाईप ठोकून बसवला की सगळं उलटं काढावं लागतं, दात्यांची कडी वाया जाते. परवा असं एकदा झालेलं असणार. त्या नजरेवरून कळतं.

मला दुसराच प्रश्न पडलेला. आमच्याकडे नदीवरून पाणी आणणारे काळे पाईप तापवून चिकटवतात. दोन तोंडं गरम पाटीवर धरायची, प्लॅस्टिक मऊ झालं की पाटी काढून एकमेकांवर दाबायची. गार झालं की पाईप तुटेल पण जोड तुटणार नाही. हेही प्लॅस्टिक तेच. मग एवढी रबरं, दाते, टोप्या कशाला?

मामा उत्तर देत नाहीत. ते पिशवीतून एक वीतभर तुकडा काढून माझ्याकडे वर फेकतात. तापवून जोडलेला आहे. बाहेर सांध्याला प्लॅस्टिकची वळी आलीय, भाकरीच्या काठासारखी फुगलेली.

"आत बोट घाला."

आतही तशीच वळी आहे. बोट अडतं.

"पाण्याचं काय, पाणी वलांडून जातंय. केबल न्हाय वलांडत. दोन किलोमीटर आली आन् हितं नाक आडकलं की बसली. पायपाला भायरनं जोड दिसूंदे. आतनं कळता कामा न्हाय."

हे शेवटचं वाक्य ते पाईपलाच सांगतात असं वाटतं, कारण तेवढ्यात दोघांनी जोर लावायला सुरुवात केलेली असते. पाईपवर आधी खडूनं एक रेघ मारलीय, कपलरच्या आत किती जायला हवं तिच्या खुणेची. मामा गुडघ्यानं कपलर दाबून धरतात, पोरगा पाईप रेटतो. वेटोळ्यातून सुटलेला पाईप काही केल्या सरळ राहत नाही, त्याला सवय गोल राहायची. तो पोरग्याच्या हातात सापासारखा उलटतो. वरून दोघे जण उतरून पाठीमागून धरतात. "हां... हां... आजून..." रेघ टोपीच्या कडेला येऊन भिडते. मामा टोपी आवळतात. मग सांगलीकडचं टोक, तसंच. हातभर अंतर संपलं.

आठ वाजायला आलेत. धुकं विरतंय. रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू झालेत, प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि प्रत्येकाला आवाज कमी करायची चावी नसलेली.

उन्हाचं कोडं मला चहा घेताना उलगडतं. प्लॅस्टिक तापलं की वाढतं आणि गार पडलं की आकसतं, हे शाळेतलं झालं. पण हा पाईप मोकळा पडलेला असेल, तर नुसत्या दहा अंशांच्या फरकानं किलोमीटरमागे मीटरभराहून जास्त कमी होऊ शकतो. डिसेंबरात या पट्ट्यात दुपार आणि पहाट यांत दहापेक्षा कितीतरी जास्त अंशांचा फरक. म्हणजे दुपारी तापलेला पाईप ताणून जोडला की रात्री तो, मामांच्या भाषेत, "अंग चोरतोय", आणि जोडातून मागे सरकायला बघतो. म्हणून तो रात्रभर चरात निजवायचा, गार होऊ द्यायचा, किंचित नागमोडी ठेवायचा आणि सकाळी जोडायचा. मामांनी थर्मामीटर बघितलेला नाही. ते पाईपवर हाताची पाठ ठेवतात, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावी तशी.

साडेनऊला परीक्षा.

दोन खड्ड्यांमधला हा टप्पा दोन किलोमीटरचा. चर बहुतेक बुजवलाय, फक्त जोडांच्या जागा उघड्या ठेवल्यात. जोड तीन: एक आत्ताचा, एक कालचा, आणि एक जिथे वेटोळं उतरवताना पाईपला घाव बसला होता तिथला. सांगलीकडचं टोक बूच मारून बंद केलंय. साताऱ्याकडच्या टोकाला कंप्रेसर लावलाय, वर घड्याळासारखा काटा. कंप्रेसर धडधडतो, काटा चढतो. "पाच किलो," मुकादम ओरडतो. पाच किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच किलोचा दाब, पण असं पूर्ण वाक्य इथे कोणी बोलत नाही. वाल्व्ह बंद. कंप्रेसर बंद. आता काट्यानं जागचं हलायचं नाही.

सगळे काट्याकडे बघतात. मुकादम बिडी पेटवतो; बिडी संपेपर्यंत काटा हलला नाही तर बरीचशी काळजी मिटली असा त्याचा हिशोब. अर्धी बिडी होते. काटा पाचाच्या रेघेच्या खाली दिसायला लागतो. मुकादम डोकं तिरकं करून बघतो, जणू बघायचा कोन बदलला तर काटा वर जाईल. साडेचार.

कोणीच काही बोलत नाही. मामा मोटारसायकलीला अडकवलेली बाटली काढतात. पाण्यात कपड्याची पावडर घोळलेली. पहिला जोड आजचा. त्यावर फेस ओततात, खाली वाकून बघतात. काही नाही. घाव बसला होता तिथला. काही नाही. तिसरा कालचा. फेस ओतायच्या आधीच मामा थांबतात. खडूची रेघ टोपीच्या कडेला नाही. ती अर्धं बोट बाहेर आलीय. फेस ओतल्यावर टोपीखालून एक बुडबुडा वर येतो, फुगतो, फुटतो. दुसरा येतो. ट्रॅक्टर जातोय म्हणून ऐकू येत नाही, नाहीतर फुस्स असा आवाज असणारच.

कालचा जोड पोरग्यानं एकट्यानं केलेला. दुपारी. मामा जेवायला गेले असताना.

मी बोलणी ऐकायच्या तयारीत उभा राहतो. मामा नुसते चरात उतरतात, हवा सोडवतात, टोपी उलगडतात आणि रबराची कडी काढून पोरग्याच्या हातात देतात. कडीला एका जागी नखाएवढा काप गेलाय. पाईपची धार तासलेली नाही. आत शिरताना तिनं रबर सोललं. वर दुपारचं ऊन. दोन्ही चुका एकाच जोडात.

"खिशात ठीव ही," मामा म्हणतात.

पोरगा कडी खिशात ठेवतो. मग मामा कटर त्याच्याच हातात देतात आणि स्वतः काठावर बसून तंबाखू मळायला लागतात. या वेळी मला फडक्याची पिशवी दिसते. तीही खाली, पोरग्याजवळ ठेवलेली आहे.

जोड पुन्हा होतो. जुनं टोक कापून टाकावं लागल्यामुळे पाईप तेवढा कमी पडतो आणि नागमोडी ठेवलेला ढिलावा कामी येतो. काटा परत पाचावर चढतो. मुकादम दुसरी बिडी पेटवतो.

बिडीबिडीच्या मधल्या या वेळात इथल्या मातीचीच आठवण होणं साहजिक आहे. १९४२ च्या ऑगस्टनंतर याच टापूत तारा जोडत नव्हते, तोडत होते. इंग्रज सरकारचे निरोप ज्या तारांवरून जात त्या कापायच्या, खांब आडवे करायचे, हा भूमिगतांचा उद्योग. पुढे त्यातूनच क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. नाना इथल्याच येडे मच्छिंद्रचे. ७ जून १९४३ ला जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्यासह प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली, ती या शेणोलीजवळच. तेव्हा हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली संस्थानं मिळून दक्षिण सातारा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे मामांनी आज सकाळी ज्या दोन जिल्ह्यांची टोकं हातात धरली होती, ती रोकड लुटली तेव्हा एकाच पाईपची होती म्हणा ना. भावाला हे सांगितलं तर तो म्हणेल, तुला पगार कशाचा मिळतो. तो घरी आहे ते बरं.

बिडी संपली. काटा पाचावर. मुकादम थोटूक विझवून कानामागे ठेवतो, जरी त्यात आता ओढण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग स्पंज. पाईपच्या दुप्पट जाडीचा स्पंजचा गोळा दाबून आत कोंबतात, मागून हवा सोडतात. तो आतलं पाणी, माती, चुकून राहिलेला भुसा पुढे लोटत जातो. सांगलीकडच्या टोकाला गोणपाट बांधून एक जण बसलाय. फोन त्याच्या कानाला, फोन मुकादमाच्या कानाला. "आला का?" "न्हाय." "आला का?" "वारं याय लागलंय." थोड्या वेळानं पलीकडून हसण्याचा आवाज येतो, गोळा थाडकन गोणपाटात येऊन बसलेला आहे. त्यामागोमाग लाकडाची गोळी जाते. ती जर मधे अडली तर समजायचं, पाईप कुठेतरी चेपलाय, आणि मग तो शोधायला बुजवलेला चर परत उकरा. गोळी अडत नाही.

दुपारी मुकादमाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी पुढे जातो. ताकारी मागे पडते, सागरेश्वरचे डोंगर जवळ येतात. पलूसच्या अलीकडे एका खड्ड्याशी गाडी थांबते. इथे पाईपचं काम दोन महिन्यांपूर्वीच संपलंय, केबलही आत गेलीय. केबल ओढत नाहीत, फुंकतात. एका यंत्राचे पट्टे तिला मागून ढकलतात आणि कंप्रेसरची हवा तिला पाईपमधून तरंगत पुढे नेते. सकाळपासून काटा का बघत होतो ते इथे लक्षात येतं: जोड गळका असेल तर वारा वाटेतच पळतो आणि केबल मधेच बसते.

खड्ड्यावर छत्री आहे, छत्रीखाली टेबल, टेबलावर शिवणयंत्राच्या पेटीएवढं यंत्र आणि त्यामागे चष्मा लावलेला तिशीतला एक माणूस. पॅन्टची घडी मोडलेली नाही. हा स्प्लायसर. चरातली माणसं याला साहेब म्हणतात, आणि तो त्यांच्याकडचा गुळाचा चहा कधी नाकारत नाही. दोन केबलींची टोकं सोलून त्यातले तंतू त्यानं कंगव्यातल्या केसांसारखे मोकळे केलेत. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हा क्रम ठरलेला. तो तोंडातल्या तोंडात पाढ्यासारखा म्हणत असतो.

प्रत्येक तंतूची काच १२५ मायक्रॉन जाड, आपल्या केसाहून जाड. पण उजेड त्यातून सगळीकडून जात नाही. तो जातो मधल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. केसाचा सातवा-आठवा हिस्सा. साताऱ्याकडच्या तंतूचा गाभा सांगलीकडच्या तंतूच्या गाभ्यासमोर आणून दोन्ही काचा वितळवून एक करायच्या.

तो तंतू उचलतो आणि सगळ्यात आधी त्यात एक बारीक पारदर्शक नळी ओवतो. जोड झाल्यावर तापवून त्यावर बसवायचं ते कवच. "हे विसरलं ना, सगळं तोडून पुन्हा," तो म्हणतो. मला मामांच्या टोपीची आठवण येते, आणि मी त्याला विचारतो, तुम्ही कितीदा विसरलात. तो बोटं मोजायचं नाटक करतो आणि दोन्ही हात वर करतो.

रंगीत थर सोलणं, स्पिरिटनं पुसणं, काच कापणं. काच कापायलाही काटकोनच हवा. इथे कटर म्हणजे हिऱ्याच्या धारेची डबी. ती काचेवर ओरखडा काढते आणि काच तिथून स्वच्छ मोडते. मोडलेलं टोक तो चिमट्यानं उचलून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाकतो, झाकण लावतो. बाटलीच्या तळाशी चमचाभर चकाकी जमलीय. "बोटात गेलं तर दिसत नाही, नुसतं बोचत राहतं. चहाच्या कपात गेलं तर..." तो वाक्य अर्धंच सोडतो आणि मी माझा कप टेबलापासून लांब नेतो.

वरून काजळी उतरतेय. हंगाम सुरू आहे, या पट्ट्यात उसाच्या कारखान्यांची धुराडी दिवसरात्र चालू. काळ्या पाकळ्यांसारखी राख छत्रीवर, टेबलाच्या कडेवर, माझ्या बाहीवर. तो यंत्राचं झाकण पटकन लावतो. पडद्यावर दोन जाड खांब दिसतात. हेच ते केस. खांब एकमेकांकडे सरकतात, थांबतात, वरखाली होतात, यंत्र आपणहून त्यांना समोरासमोर आणतं. मग पांढरी ठिणगी, डोळा लवायच्या आत. दोन खांबांचा एकच खांब होतो आणि सांधा होता कुठे हे शोधावं लागतं. खाली आकडा येतो: ०.०२.

तो खूश. मी नाही, कारण आकडा मला कळलेला नाही. तो समजावतो. उजेड काचेतून जाताना थोडा थोडा सांडतो. चांगल्या तंतूत किलोमीटरला ०.२ डेसिबल एवढा. म्हणजे या जोडात जेवढा सांडला, तेवढा शंभर मीटर काचेतही सांडला असताच. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी काचेतून दूरवर बोलता येईल असं मांडलं, तेव्हा त्यांचं उद्दिष्ट किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड शिल्लक राहावा एवढंच होतं. आता शंभरातले पंचाण्णव राहतात. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. स्प्लायसरला नोबेलचं माहीत नाही, ०.०५ च्या वर आकडा गेला की रात्री साहेबाचा फोन येतो, हे माहीत आहे. त्याच्या साहेबाचा.

तेराव्या तंतूला आकडा ०.०९ येतो. तो काही न बोलता जोड तोडतो आणि परत सोलायला घेतो. पुन्हा निळा.

परत येईपर्यंत पाच वाजलेत. ऊन उसाच्या तुऱ्यांवर गेलंय. सकाळच्या जोडाभोवती मामांनी बारीक माती चाळून घातलीय, एकही खडा नाही, मग हातानं दाबलीय. आता वरून जेसीबी मुरूम लोटतो. त्याआधी पोरग्यानं जोडाचा मोबाईलवर फोटो काढलाय. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप उमटते, तो वरच्या ऑफिसला जातो. मामांचा त्यावर विश्वास असावा, पण तेवढ्यावर भागत नसावं. ते बुजवलेल्या चरावर उभे राहतात आणि रस्त्याच्या किलोमीटरच्या दगडाकडे चालायला लागतात. एकेक पाऊल टाकत, लांबी सारखी राहील असं.

"सतरा पावलं," ते दगडापासून ओरडतात. "लिही."

पोरगा वहीत लिहितो. तो इकडेतिकडे बघतो. "मामा, डाव्या हाताला बांधावरची बाभळ पण लिहू?"

"बाभळ नगं. ती तोडत्यात."

"दगड पण काढत्यात की. रस्ता रुंद व्हायचाय म्हणं."

मामा दगडावर हात ठेवून उभे राहतात. एक ट्रॅक्टर जातो, दुसरा जातो. धूळ खाली बसते.

"मग रस्त्याच्या मधनं मोज," ते म्हणतात. "टेप आण."

पोरगा गाडीकडे पळतो. एक जण ट्रॅक्टर अडवायला हात वर करून रस्त्यात उभा राहतो आणि मामा टेपचं टोक धरून डांबराच्या मधोमध जाऊन बसतात, सकाळी चरात बसले होते तसेच, उकिडवे. पोरगा आकडा वाचतो, लिहितो. मी त्याच्या खांद्यावरून वहीत बघतो. दगडापासून सतरा पावलं. रस्त्याच्या मध्यापासून सहा मीटर चाळीस. आणि त्याच्या खाली, मामांना दिसणार नाही अशा बारीक अक्षरात: बाभळ, नऊ पावलं.